खडूची फुली

गेरा यॅक्लिचच्या गावात पाऊस चिक्कार पडायचा, पण ओढा एकही नव्हता. खाली सगळा चुनखडीचा दगड. पडलेलं पाणी भेगांतून कुठं गडप व्हायचं ते कुणाला कळायचं नाही. छपरावरचं पाणी टाकीत साठवायचं आणि ते आटलं की बादल्या घेऊन रानातल्या डबक्यापर्यंत पायपीट करायची. चहूकडे घनदाट रान, रानात अस्वलं, आणि मधूनमधून दगड वेचून काढलेली वावरं. सहाशे वर्षांपूर्वी कुणा सरदारानं जर्मन मुलखातून माणसं आणून इथं वसवली, कारण दुसरं कुणी इथं राहायला तयार नव्हतं. पुढंही दुसरं कुणी आलं नाही, म्हणून ही माणसं होती तशीच राहिली. भोवती सगळा स्लोव्हेन मुलूख, मधे हे रान. आतले लोक त्याला गॉट्शे म्हणत, बाहेरचे कोचेव्ये. आतली जर्मन बोली इतकी जुनी, की खुद्द व्हिएन्नाच्या माणसाला ती धड कळत नसे.

दगडावर पोट भरेना, म्हणून पुरुष हिवाळ्यात फेरीला जात. गेराचा बाप माथियास पोटावर टोपली बांधून ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराच्या खानावळींत संत्री आणि मिठाई विकायचा. पहिलं महायुद्ध संपलं, बादशाही मोडली, आणि ग्राझ परदेश झालं. मधे सरहद्द आली. माथियास टोपली माळ्यावर टाकून घरी बसला, शरदात मांसाकातड्यासाठी झाडउंदरांचे सापळे लावू लागला, आणि आलागेला जो भेटेल त्याला ग्राझच्या गप्पा सांगू लागला.

आई गेली तेव्हा गेरा बारा-तेरा वर्षांची होती आणि पोल्डी अजून पाळण्यात. तिनंच त्याला वाढवला. पुढं शेजारच्या गावचा लोरेन्झ तिला मागणी घालायला आला. अमेरिकेत क्लीव्हलंडला त्याचा चुलता होता, तिकडं जायचं ठरलं होतं. गेरा त्याला म्हणाली, "पोल्डी शाळेतून सुटू दे, मग बघू." लोरेन्झनं दोन हिवाळे वाट पाहिली आणि एकटाच गेला. गेरानं त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. पोल्डीला मात्र माहीत होतं. "माझ्यामुळं राहिलीस ना गं?" असं तो लहानपणी विचारायचा, आणि ती त्याला टपली मारून म्हणायची, "तुझ्यामुळं नाही, त्याच्या नाकामुळं."

शाळा आता नव्या युगोस्लाव सरकारची होती. मास्तर स्लोव्हेन. पोल्डी पाढे म्हणताना चुकून जर्मनमध्ये घसरला, की मास्तर बोटांवर पट्टी मारायचा. एकदा बोटं इतकी सुजली, की गेरा त्याला आठवडाभर हातानं भरवत होती. दुखणं गेलं, पण पोल्डीच्या मनातून ते कधी गेलं नाही.

गेराची स्वतःची मैत्रीण मात्र स्लोव्हेनच होती. डोंगरापलीकडच्या रिब्नित्सा खोऱ्यातली नेझा ओबरस्टार पाठीवर चाळण्या आणि लाकडी डाव लादून गावोगाव हिंडायची. गेराच्या ओसरीवर टेकायची, घेवड्याचं कढण प्यायची आणि माथियासशी भांडायची.

"म्हातारबा, तुमचं आडनाव आमचं आहे," ती म्हणायची. "यॅक्लिच. शेपटाचं ते 'इच' बघा की. आमच्यातलाच कुणीतरी तुमच्या रानात वाट चुकलेला."

"आणि तुझं ओबरस्टार कुठलं? आमचंच ना?" माथियास म्हणायचा. "म्हणजे आमच्यातला एकजण तुमच्याकडं पळाला. फिटंफाट झाली. आता चाळणीचा भाव कमी कर."

गेरा नेझाकडून स्लोव्हेन शिकली, नेझा गेराकडून पोबोलित्सा करायला, म्हणजे आक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेली गोड पोळी. पोल्डी मोठा होऊ लागला तसा तो नेझा आली की घराबाहेर जाऊन बसू लागला.

एकेचाळीस सालच्या वसंतात जर्मन फौजा युगोस्लाव्हियात घुसल्या, तेव्हा गॉट्शेतल्या तरुणांनी झेंडे शिवून ठेवले होते. पोल्डी त्यांच्यात पुढं. सहाशे वर्षांनी मायदेश आपल्याकडं चालत येतोय, असं तो बोलायचा. पण गावात जे सैनिक आले ते इटालियन निघाले. वर कुणीतरी नकाशावर रेघ ओढली होती आणि रान इटलीच्या वाट्याला गेलं होतं. पोल्डी दोन दिवस जेवला नाही. मग गावच्या तरुण पुढाऱ्यांची शहरात सभा झाली, आणि तिथून तो एकदम उजळलेल्या चेहऱ्यानं परत आला.

"आपण जायचं," तो म्हणाला. "सगळ्यांनी. अख्खं गॉट्शे उठून जर्मन हद्दीत."

माथियास सापळ्याची तार वाकवत होता. "कोण म्हणतं?"

"बर्लिन म्हणतं, बाबा."

"बर्लिनला इथली टाकी भरायला लागत नाही. त्याला काय कळतंय इथून जायचं की राहायचं."

"आपण म्हणजे समुद्रातलं बेट आहोत. चारी बाजूंनी पाणी चढतंय. आणखी तीस वर्षांनी आपली बोली बोलायला एक पोर उरणार नाही."

"इथं पाणी चढत नाही रे," माथियास शांतपणे म्हणाला. "इथलं पाणी खाली जातं. आम्ही वर राहिलो ते त्यामुळंच."

देवळातल्या पाद्रीबाबांनीही जाऊ नका म्हणून सांगितलं. त्यानंतर पोल्डीचे मित्र प्रार्थनेच्या वेळी देवळाबाहेर उभे राहून आत जाणाऱ्यांकडं रोखून बघू लागले. गाव न सोडणाऱ्यांना इटालियन पार सिसिलीत नेऊन टाकणार, अशी आवई उठली. ती कुणी उठवली ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तिची भीती बसायची ती बसलीच. पहिल्यांदा कुजबुज, मग रडारड, मग एकेका घरानं मान डोलावली.

गेराचा पाय निघत नव्हता. तेव्हा पोल्डी तिच्या शेजारी चुलीपाशी येऊन बसला आणि लहानपणी बसायचा तसा गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बोलू लागला.

"सावा नदीच्या काठी, जर्मनांनी नव्यानं घेतलेल्या मुलखात जागा आहे. सपाट जमीन, द्राक्षाचे मळे. अख्खं गाव एकत्र राहणार, शेजारी तेच, देवळाची घंटाही आपलीच. सरकारनं नवी घरं बांधलीत. रिकामी."

"नवी? एवढ्या सगळ्या लोकांना?"

"मी तुला खोटं सांगेन का? तू मला हातानं भरवलंयस."

"आणि बाबा?"

"बाबांचं राहू दे आता. चिडलेत. हिवाळा एकट्यानं काढला की आपसूक मऊ होतील. बर्फ वितळलं की मी स्वतः येऊन त्यांना घेऊन जाईन. माझा शब्द."

पोल्डीचा शब्द, म्हणून गेरानं होकार दिला. कोण किती जर्मन याच्या तपासणीसाठी शहरात एक रेल्वेगाडी येऊन उभी होती. डब्याडब्यांतून माणसांना नेऊन त्यांचे दात, डोळे, डोक्याचा घेर, आज्यापणज्यांची नावं बघत. गेराच्या आडनावापाशी डॉक्टर थबकला. "हे तर स्लाव वाटतंय." शेजारी उभा असलेला पोल्डी लालबुंद होऊन म्हणाला, "छे, अस्सल जर्मन आहे." डॉक्टरनं खांदे उडवले आणि तिला पुढच्या डब्यात ढकललं.

डिसेंबरात लॉऱ्या आल्या. गेरा बापाच्या पाया पडल्यासारखी वाकली, त्याचे बूट नीट बांधून दिले आणि उठली. माथियास एवढंच म्हणाला, "तिकडं पाणी वाहतं असेल तर कपडे धुताना जपून. तुला वाहत्या पाण्याची सवय नाही." नेझाला निरोप द्यायचा राहून गेला. त्या दिवसांत ती गेराच्या दारापर्यंत आली नव्हती, आणि पोल्डीनं स्लोव्हेन माणसांशी बोलायला बंदी घातली होती.

सावेकाठच्या घरासमोर लॉरी थांबली तेव्हा गेराला पहिल्यांदा दिसला तो कुत्रा. दाराशी बसलेला, भुंकेना की हलेना. दारावर खडूची पुसट फुली होती. घर मोठं होतं, स्वयंपाकघरात चक्क पाण्याचा हातपंप होता, पण घर नवं नव्हतं. चुलीवर भांडं होतं आणि त्यात घेवड्याचं कढण हिरवंकाळं होऊन गोठलं होतं. पलंगावरच्या गाद्यांत माणसांच्या आकाराचे खड्डे होते. खिडकीत पोराची एक लोकरीची चप्पल होती, एकच.

"पोल्डी," ती म्हणाली, "हे लोक कुठं गेले?"

"जर्मनीत. आपल्या मर्जीनं गेले. त्यांना तिकडं चांगली कामं मिळालीत."

"कढण चुलीवर ठेवून?"

"घाई असेल. तू पंप बघितलास का? दांडा मार. बघ कसं पाणी येतं."

तिनं दांडा मारला. पाणी आलं. पोल्डी इतका खुश होऊन तिच्या तोंडाकडं बघत होता, की तिनं पुढं काही विचारलं नाही.

गोठ्यात एक गाय होती. ती दूध देईना. गेरानं तिला जर्मनमध्ये चुचकारलं, दटावलं, पान्हा सुटेना. शेवटी तिनं गाईच्या कुशीला कपाळ टेकवून नेझाच्या बोलीत हळूच म्हटलं, "चल गं बाई, चल गं माझे," आणि धार लागली. त्या दिवसापासून गोठ्यात ती स्लोव्हेनच बोलू लागली. पोल्डी आता त्या भागाचा छोटा अधिकारी झाला होता. त्यानं एकदा ऐकलं आणि दारातूनच म्हणाला, "गोठ्यातसुद्धा ती भाषा नको. लोक ऐकतात."

"गाईला सांग तसं," गेरा म्हणाली.

अख्खं गाव एकत्र राहणार, हेही खरं ठरलं नाही. शेजारी कुणी डोंगराच्या त्या बाजूला, कुणी नदीपल्याड विखुरले होते. घंटा आलीच नव्हती. रस्त्यात जुन्या शेजारणी भेटल्या, की एकमेकींच्या डोळ्यांत न बघता हवापाण्याचं बोलायच्या. प्रत्येकीच्या घरात कुणाचं तरी भांडं होतं.

मळ्याच्या टोकाला झोपडीत मित्स्का नावाची एक म्हातारी राहायची. द्राक्षांची छाटणी दुसऱ्या कुणाला येत नव्हती, म्हणून तिला मागं ठेवलं होतं. मार्चात छाटणी सुरू झाली तेव्हा गेरा तिच्या हाताखाली उभी राहिली. बरेच दिवस म्हातारी नुसती कात्री चालवत होती. मग गेरा स्लोव्हेनमध्ये म्हणाली, "आजी, या घरातल्या लोकांचं नाव काय होतं?"

मित्स्कानं तिच्याकडं नीट बघितलं. "कोचेवार."

गेराला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. कोचेवार म्हणजे कोचेव्येचा माणूस, म्हणजे गॉट्शेवाला.

"मग? होतेच ते तिकडचे," मित्स्का म्हणाली. "त्यांच्या आज्याचा आजा टोपली घेऊन या बाजूला आला, इथल्या बाईशी लग्न केलं आणि राहिला. तुमचाच होता. तुमच्यातल्यांना हाकलून तुम्हाला आणलंय, बाई. तासाभरात बाहेर काढलं. धाकटी पोर एका पायात चप्पल घालून गेली."

"माझा भाऊ म्हणतो, मर्जीनं गेले."

म्हातारीनं कात्री खाली ठेवली. "तुझा भाऊ? टोपीला पीस लावणारा ना? तो इथंच होता की त्या दिवशी. त्याच्या आधीही दोनदा येऊन घर आतून बघून गेला होता. घरच्या बाईनं त्याला पाणी दिलं, पंपाचंच. मग गाड्या आल्या तेव्हा माणसं अजून अंगणात उभी होती, आणि यानं दारावर खडूनं फुली मारली. दुसऱ्या कुणी घर घेऊ नये म्हणून."

गेरानं उरलेली ओळ छाटून पुरी केली. घरी गेली, चूल पेटवली, पोल्डीसाठी बटाटे उकडले. तो आला, टोपी काढून बसला, आणि तिनं ताट त्याच्यापुढं ठेवून विचारलं, "फुली तू मारलीस?"

त्यानं नाही म्हटलं नाही. ते बरं केलं असं तिला पुढं आयुष्यभर वाटत राहिलं, आणि त्याचाच रागही येत राहिला.

"सगळ्यांत चांगलं घर होतं ते," तो म्हणाला. "मी सतरा घरं बघितली. तू जन्मभर बादल्या उचलल्यास. मला तुला पंप असलेलं घर द्यायचं होतं."

"त्या बाईनं तुला पाणी दिलं."

"हे लढाईचे दिवस आहेत, गेरा. मी नसती मारली तर दुसऱ्यानं मारली असती. आपली बोटं सुजवली तेव्हा कुणी विचारलं होतं का?"

"ती बोटं तुझी होती. त्यावरचं औषध मी लावलं. मला त्याबद्दल कुणाचं घर नको होतं." मग ती म्हणाली, "बर्फ वितळलंय. बाबांना आण."

पोल्डी जेवणावरून उठला. "बघतो."

त्यानं बघितलं नाही. आठवडे गेले, तेव्हा गेरा स्वतः कचेरीत गेली. खिडकीमागच्या बाईनं विचारलं, "यॅक्लिच? पण तुमच्या घरातलं तिकडं कुणीच उरलं नाही, असं तुमच्या भावानं हिवाळ्यातच सांगितलंय. म्हातारा वारला ना?"

बाप मागं राहिला, हे अधिकाऱ्याला शोभण्यासारखं नव्हतं. म्हणून पोल्डीनं जिवंत बापाला मारून टाकलं होतं. गेरानं कचेरीत तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर पोल्डी गेला असता. घरी येताना मात्र ती नदीच्या बांधावर बसून राहिली. दुसऱ्या कुणी नाही, ज्याच्यासाठी लोरेन्झला जाऊ दिलं त्यानंच केसानं गळा कापला होता. त्या दिवसापासून ती पोल्डीचं जेवण दारात ठेवू लागली. तो आत येऊन बसला, की ती गोठ्यात जायची.

त्याच उन्हाळ्यात बातमी आली, की रानातल्या बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून इटालियनांनी गॉट्शेतली रिकामी गावं जाळली. गेराचं गावही त्यात होतं. बापाचं काय झालं ते सांगणारं कुणी नव्हतं. पोल्डीही घुटमळत एकदा म्हणाला, "चौकशी करू का?" गेरा म्हणाली, "मेलेल्या माणसाची कसली चौकशी करतोस?"

पंचेचाळीसच्या वसंतात तोफांचा आवाज सावेपर्यंत येऊ लागला. लोक गाड्या जुंपायला लागले, तर पुढाऱ्यांनी हुकूम काढला, की वरून आज्ञा येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, हलेल तो फितूर. दुपारी पोल्डी अंगणात आला. गेरानं गाडीत गोधड्या टाकल्या होत्या. त्यानं त्या स्वतःच्या हातांनी उतरवल्या.

"घाबरू नकोस. वेळ आली की मी सांगेन. तुला सोडून जाणार आहे का मी?"

खूप दिवसांनी ती त्याच्याशी धड बोलली. "नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्स्का मळ्यातून खाली आली. "टोपीवाले सगळे मोटारींतून गेले, बाई. तुझा पण." आज्ञा नंतर आली, पण ती सांगायला कुणी उरलं नव्हतं. लोक निघाले तेव्हा रस्ते बंद झाले होते. गेरा रांगेतून चालत सरहद्दीच्या दिशेनं गेली, वाटेत युगोस्लाव फौजेनं अडवली आणि तारेच्या कुंपणामागं, छावणीत पडली. तिथं म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं माश्यांसारखी मेली. पहाऱ्यावरची पोरं स्लोव्हेन होती. एकाला तिनं त्याच्याच बोलीत पाणी मागितलं, तर तो म्हणाला, "तुला आमची भाषा येते? मग तू जास्त गुन्हेगार." उन्हाळ्याच्या शेवटी उरल्यासुरल्यांना गाडीत भरून ऑस्ट्रियात सोडलं.

ती ग्राझला राहिली. ज्या शहराच्या गप्पा ऐकत वाढली, तिथं एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुऊ लागली. लोकांना ती युगोस्लाव वाटायची. तिची जर्मन ऐकून दुकानदार विचारायचा, "तुम्ही कुठल्या?" आणि ती म्हणायची, "लांबच्या."

काही वर्षांनी गॉट्शेवाल्यांचा मेळावा भरू लागला. गेरा एकदाच गेली. व्यासपीठावर पोल्डी होता. जाडसर झालेला, आवाज कमावलेला. "आपला विश्वासघात झाला," तो सांगत होता. "रोमनं केला, बेलग्रेडनं केला, जगानं केला. सहाशे वर्षांची मायभूमी आपल्यापासून हिसकावून घेतली." बायका डोळे पुसत होत्या.

गेरा मागच्या बाकावरून उठली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"पोल्डी, आपल्या गावातून आपल्याला बाहेर कुणी काढलं? इटालियनांनी तर हाकललं नव्हतं. पाद्रीबाबांनी राहा म्हणून सांगितलं होतं. बाबांनी सांगितलं होतं. दारोदार हिंडला कोण?"

पुढच्या रांगेतली एक बाई, जुन्या गावातली शेजारीण, मागं न वळता म्हणाली, "बस गं गेरा. आज सणाचा दिवस आहे." आणि दुसरी म्हणाली, "सगळ्यांनीच सह्या केल्या होत्या. तूही केलीस." हे खरं होतं. गेरा बाहेर पडली. पोल्डी जिन्यापर्यंत तिच्या मागं आला, तिची बाही धरली. तिनं बाही सोडवून घेतली.

साठ सालानंतर सरहद्द जरा सैल झाली, तेव्हा ती रिब्नित्साला गेली. तिच्या गावाकडचं रान लष्करानं बंद केलं होतं. बसच्या थांब्यावरून नुसता काळा डोंगर दिसला. नेझा घरी होती. केस पांढरे, हात तसेच चाळण्या विणून चिरलेले. तिनं गेराला ओळखलं आणि मिठी मारली नाही.

"ये. बस," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, की गाव जळत होतं तेव्हा माथियास सापळे काखोटीला मारून डोंगर उतरून तिच्याकडं आला. दीड वर्ष राहिला. पोरांना ग्राझच्या गप्पा सांगायचा. चव्वेचाळीसच्या थंडीत छाती भरून गेला. तिथल्या दफनभूमीत, नेझाच्या घरच्यांशेजारी त्याला ठेवलाय.

"माझी आठवण काढायचा का?"

"रोज. पोरगी बर्फ वितळलं की येणार, म्हणायचा. उन्हाळ्यातसुद्धा म्हणायचा."

गेरानं तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. नेझानं तिला रडू दिलं. मग ती म्हणाली, "माझ्या मावसबहिणीलाही सावेकाठावरून नेलं होतं. ती परत आली नाही. तू निघालीस तेव्हा मला एक निरोप धाडला नाहीस. दोनदा डोंगर चढून आले होते मी. पहिल्यांदा तुमच्या पोरांनी हाकललं. दुसऱ्यांदा तू नव्हतीसच, एकटा म्हातारबा होता."

"पोल्डी म्हणाला होता..." गेरानं सुरुवात केली आणि थांबली.

"पोल्डी काय म्हणाला ते मला नको सांगूस," नेझा म्हणाली. "तो माझा कुणी नव्हता. तू होतीस."

नेझा उठली, तिनं घेवड्याचं कढण वाढलं, भाकरीचा तुकडा बाजूला ठेवला. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. पोरासोरांची, सुनांची थोडी चौकशी झाली. संध्याकाळच्या बसपर्यंत नेझा तिला पोहोचवायला आली, वाटेत दफनभूमीत थांबली, आणि गेरा गवत उपटत होती तोवर फाटकाशी उभी राहिली.

बस आली. "परत ये," असं नेझा म्हणाली नाही. "हिवाळ्यात रस्ता वाईट असतो," एवढं म्हणाली. गेरा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेली, आणि त्यानंतर जमेल तेव्हा जातच राहिली. पोल्डीला मात्र तिनं दार उघडलं नाही. तो वारल्याचं तिला धुलाईघरात कळलं. तिनं हातातली चादर पिळून दोरीवर टाकली, दुसरी घेतली.